मळवलीला उतरून उजवीकडे

सहदेव मसुरकरच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची होती. डोंगर चढणारी, आणि बाकीचा भाजीपाला. चढणाऱ्यांनाही तो पुन्हा चाळणी लावायचा. डबे, सतरंजी आणि टेपरेकॉर्डर घेऊन येणारे बाद. फोटोसाठी येणारे बाद. देवाचं नाव घेत पायऱ्या चढणारे तर मुळातच बाद, कारण पायरी म्हणजे त्याच्या मते डोंगराला दिलेली कुबडी. असं चाळता चाळता चाळणीत शेवटी एकच माणूस उरायचा, आणि तो बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणाजवळ, मोरेश्वर छाया सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायचा.

हा उरलेला माणूस अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचा. बाप मसुऱ्याहून येऊन लालबागच्या गिरणीत कापड विणायच्या साच्यावर उभा राहिला आणि उभ्या उभ्याच म्हातारा झाला. त्यानेच कोणाकोणाच्या हातापाया पडून पोराला गिरणीबाहेरची ही नोकरी मिळवून दिली होती. ती गोष्ट सहदेव कधी सांगत नसे. आता गिरणी संपाला दोन वर्षं होऊन गेली होती, चुलतभाऊ बिऱ्हाडं आवरून गावी गेले होते, आणि सहदेव पाय लांब करून म्हणायचा, "मला हे आधीच दिसलं होतं. उंचीवर उभं राहिलं की लांबचं दिसतं." ती उंची बापाच्या खांद्यांची होती, पण त्याला ते सांगणार कोण.

तरुणपणी तो एका गिर्यारोहण मंडळात होता. मंडळ केव्हाच मोडलं. कोणी संसारात बुडाला, कोणाचं पोट सुटलं, एकाने तर गुरुवारचे उपास धरले. सहदेव तेवढा टिकला. थंडीच्या दिवसांत अधूनमधून रविवारी तो एकटाच कुठेतरी जाऊन यायचा आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये इतरांना काय काय जमणार नाही ते सांगायचा. लोक ऐकून घ्यायचे, कारण चहा येईपर्यंत दुसरा इलाज नसायचा.

बायको रुक्मिणी. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तो तिला कान्हेरीच्या मागच्या टेकडीवर घेऊन गेला होता. पहिल्या चढालाच तिच्या चपलेचा अंगठा तुटला. ती चपला हातात घेऊन अनवाणी चढायला तयार होती. गावी आयुष्यभर ती तशीच घाटी चढत-उतरत आली होती, डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन. पण सहदेवने तिला तिथूनच मागे फिरवलं. "तुला झेपायचं नाही," तो म्हणाला. हे वाक्य मग त्या घरात कायमचं राहायला आलं. बँकेत जाऊन पैसे काढणं, एकटीने गावी जाणं, पोरीच्या शाळेत बाईंना भेटणं, सगळ्याला तेच. तुला झेपायचं नाही. पंप बिघडला की खालच्या टाकीतून दोन मजले पाण्याच्या कळशा चढवणं आणि घासलेटच्या रांगेत उभं राहणं तेवढं तिला झेपायचं. त्याबद्दल सहदेवची काही तक्रार नव्हती.

अशा या घरात त्यांची एकुलती एक मुलगी अनुपमा एका शनिवारी जेवता जेवता म्हणाली की तिला चंदू चिखलेशी लग्न करायचं आहे.

अनुपमा अंधेरीच्याच एका ऑफिसात टायपिस्ट होती आणि चंदू तिथे हिशेब लिहायचा. बी. कॉम. झालेला, वर्सोव्याचा कोळी. बाप होडीवर, आई सोनूबाई बाजारात मासळी घेऊन बसायची. हे सगळं अनुपमाने एका दमात सांगितलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

रुक्मिणीने हातातला घास ताटात ठेवला. सहदेव भात कालवत राहिला. जातीवरून नाही म्हणणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. तसं म्हणणारी माणसं भाजीपाल्यात मोडतात. पण नाही तर म्हणायचंच होतं, मासळीवालीला विहीण म्हणायची कल्पनासुद्धा त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. तेव्हा नाही म्हणण्यासाठी एखादं उंचावरचं कारण हवं होतं, आणि ते त्याला भात संपायच्या आत सापडलं.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला. "मुलगा एकदा डोंगरावर बघितला की झालं."

"म्हणजे काय, बाबा?"

"माणूस चढावर कळतो. खाली काय, सगळेच शर्टाला इस्त्री करतात. एक दिवसाचा ट्रेक आखतो मी. त्याने तो नीट पार पाडला तर मी स्वतः उभा राहून लग्न लावीन. नाही पाडला, तर पुन्हा या घरात त्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

अनुपमा बापाला ओळखून होती. पळून जाऊन लग्न करायची तिची छाती नव्हती, आणि आई बापाच्या शब्दाबाहेर जाईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती "कबूल" म्हणाली. एका पोरीचं लग्न अशा रीतीने खुंटीला टांगलं गेलं आणि सहदेव हात धुवायला उठला.

बेत आखण्यात सहदेवचा हात धरणारा कोणी नव्हता. प्रत्यक्ष चढण्यापेक्षा त्याला आखण्यातच जास्त गोडी आहे, असं मंडळातले लोक मागून म्हणायचे. त्याने दोन शेजारशेजारचे किल्ले निवडले, लोहगड आणि विसापूर. मळवली स्टेशनला उतरायचं, उजवीकडे वळून भाजे गाव गाठायचं, तिथून दोन किल्ल्यांमधली गायमुख खिंड. आधी लोहगड करायचा, परत खिंडीत यायचं, मग विसापूर, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. फार अवघड नाही, अगदी सोपंही नाही. मध्यम. हे मध्यमपण त्याने मोठ्या विचाराने निवडलं होतं. अवघड जागी पोरगा हरला तर लोक डोंगराला बोल लावतात, मध्यम जागी हरला तर पोरालाच लावतात.

हरवायची सोय विसापूरला होती. खिंडीतून विसापूरला जाणारी वाट सरळ नाही. ती रानातून कड्याच्या पायथ्याने जाते, मधेच गुरांच्या वाटांत मिसळते, आणि वर चढणारी नाळ, म्हणजे कड्यातली घळ, नेमकी कुठली ते माहीतगारालाच कळतं. बाकीचे करवंदीच्या जाळ्यांत फिरत राहतात. सहदेवला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तो स्वतः तिथे दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा चुकून परत आला होता. सोबत कोणी नव्हतं, म्हणून ती गोष्ट करवंदीतच राहिली. सोमवारी कॅन्टीनमध्ये विसापूर झालेला असायचा. तर खिंडीत पोचल्यावर तो चंदूला म्हणणार होता, "हं, आता पुढे तू हो." पुढचं काम रान करणार होतं.

आधी बैठक. त्याशिवाय ट्रेकला शोभा नाही. त्या रविवारी चंदूला बोरीवलीला बोलावणं गेलं. तो आला तो इस्त्रीच्या शर्टात, बुटांना पॉलिश करून. खांदे रुंद, बोलणं कमी, खुर्चीच्या कडेवर बसायची सवय. सहदेवने टीपॉयवर नकाशा पसरला आणि बुटांकडे बघून मनाशी पहिला शेरा मारून टाकला. नकाशावर तो बराच वेळ बोलला. कुठल्या पावलाला श्वास घ्यायचा, पाणी कधी प्यायचं नाही, बोलायचं का नाही. मग त्याने विचारलं, "कधी डोंगर चढलायस का?"

"कार्ल्याला जातो ना काका, दरवर्षी. एकवीरा आईला. ते पण मळवलीलाच उतरून. म्हणजे मी तेच म्हणत होतो की मळवलीला जायचं तर आधी..."

"त्या पायऱ्या." सहदेवने माशी हाकलावी तसा हात हलवला. "ते चढणं नव्हे रे. ती रांग. ढोल वाजवायचे, बोकड कापायचे, वर जाऊन नारळ फोडायचे आणि खाली येऊन जेवायचं. मी पंचवीस वर्षं मळवलीला उतरतोय. डावीकडे कधी मान वळवून बघितलं नाही."

चंदूने अनुपमाकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं. "बरोबर आहे काका," चंदू म्हणाला. सहदेवला वाटलं, पोराला पाठीचा कणाच नाही.

रुक्मिणी चहा घेऊन आली होती. कप खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "मी पण येणार."

"कुठे?"

"मळवलीला. तरणी मुलगी जाते आहे, बरोबर मुलगा. उद्या कोणी विचारलं आई कुठे होती, तर काय सांगू?"

सहदेवला हे पटण्यासारखं होतं, म्हणून राग आला. "ये," तो म्हणाला. "पण भाज्याच्या लेण्यांपाशी डबे घेऊन बसायचं. वर तुला झेपायचं नाही."

"बसेन," रुक्मिणी म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

मधल्या बुधवारी संध्याकाळी सोनूबाई आली. डोक्यावरची पाटी तिने दारातच उतरवली. पाटीत एक भलाथोरला हलवा मासा आणि सुक्या बोंबलांची जुडी. वास जिन्यावर पोचला तशी समोरच्या गुजराती बिऱ्हाडाने दार लावून घेतलं. एकाच वासात गुजरात्यांकडे आणि मासळीवालीकडे, दोघांकडेही बघून नाक मुरडायला मिळाल्यामुळे सहदेव खुशीत आला. सोनूबाई बोलावण्याची वाट न बघता सोफ्यावर ऐसपैस बसली. नाकात नथ, केसांत अबोलीची वेणी, आवाज बाजारात कमावलेला.

"चंदून मना सांगितला," ती म्हणाली. "आयतवारी मलवलीला. तुमी, पोरगी, पोरीची आय, सगली येताव?"

"सगळे."

"तुमी सोता बोलावलाव म्हंजे आमी पन येनार. पोराकडची मानसा नकोत? बाकी आय बगल सगला."

सहदेवला आतून हसू फुटलं. या लोकांचं उठता-बसता आय. मासा गावला तरी आय, नाही गावला तरी आय. बाईलाही चढायची हौस असेल तर बरंच आहे, मायलेक एकाच खिंडीत धापा टाकत बसतील. "या की," तो म्हणाला. "पण एक सांगून ठेवतो. चढायला सुरुवात केली की मधून परत फिरायचं नाही."

"आयच्या दारातशी मधून कोन फिरतं?" सोनूबाईलाच त्याच्या बोलण्याचं आश्चर्य वाटलं. "पक्का ना? मानसांना सांगू माज्या?"

"पक्कं म्हणजे पक्कं. माझा ठरलेला कार्यक्रम आजवर कधी बदललेला नाही."

सोनूबाई उठली. रुक्मिणीच्या गालांवरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. रुक्मिणीचे डोळे भरून आले. मालवणी बाईला हलवा बघून असंच होत असावं, असं सहदेवला वाटलं आणि तो नकाशाची घडी घालू लागला. बाईच्या बोलण्यातला शब्द न् शब्द त्याने ऐकला होता. पण ऐकून विचारात घ्यावं असं मासळीवाली काही बोलेल, हे त्याच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं.

रविवारी पहाटे त्याने रुक्मिणीची पिशवी उचलून पाहिली. "यात दगड भरलेस का?"

"पुऱ्या आहेत."

पुऱ्या एवढ्या जड असू शकतात, हे त्याला तिच्या हातचा स्वयंपाक आठवून खरं वाटलं. मग त्याचं लक्ष तिच्या साडीकडे गेलं. "ट्रेकला काठापदराची?"

"मला खालीच बसायचंय ना."

लोणावळ्याला गाडी बदलून तिघं मळवलीला उतरली तेव्हा माघातलं कोवळं ऊन प्लॅटफॉर्मवर आलं होतं. सहदेवने सॅक खांद्याला अडकवली, टोपी नीट केली आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने उजवीकडे तोंड केलं. त्याच वेळी डावीकडून ढोल वाजला.

रुळांपलीकडे फाटकाशी एक ट्रक उभा होता. ट्रकला आंब्याचे टहाळे बांधलेले, पुढे एक भगवा झेंडा, मागे दोरीला बांधलेला बोकड. हिरव्या लुगड्यांतल्या बाया, डोक्याला लाल टोप्या घातलेले बाप्ये, पोरंटोरं, सगळा चिखल्यांचा गोतावळा उतरून उभा होता. सगळे रूळ ओलांडून फलाटावर आले, पुढे हातात नारळ घेऊन सोनूबाई. तिच्या मागे चंदू. आज त्याच्या पायात बूटही नव्हते, चपलाही नव्हत्या.

"चला व्याही," सोनूबाई म्हणाली. "आय वाट बगते."

"कसले व्याही?" सहदेव म्हणाला. "आणि हा काय तमाशा? आपण लोहगडला चाललोय."

ढोल बंद पडला. सोनूबाईने आधी चंदूकडे पाहिलं, मग सहदेवकडे.

"लोहगडला? पोरीचा बाप पोराच्या मानसांना मलवलीला बोलावतो, पोरगी नि तिची आय संगती आनतो, नि लोहगडला जातो? आमच्यात पोरीवाल्यानी मलवलीला बोलावला म्हंजे आयच्या पायाशी शब्द द्यायला बोलावला. माजी सासूपन अशीच आली, मीपन अशीच आले. तुमच्या घरात येऊन मी दोनदा इचारला. तुमी पक्का बोल्लाव. सगल्या भावकीला सांगून बसलो आमी."

"काका, मी त्या दिवशी तेच सांगत होतो," चंदू म्हणाला. "तुम्ही पुढे बोलू दिलं नाही. घरी आईलाही किल्ले सांगितले, पण मळवली म्हटल्यावर तिनेही पुढचं ऐकलं नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पोराला हरवण्यासाठी सहदेवने अख्खा सह्याद्री धुंडाळला आणि जागा निवडली ती त्याच्या कुलदेवतेच्या दारात. पंचवीस वर्षं त्याच फलाटावर उतरून, समोरच्या डोंगरावर कोण राहतं आणि कोणासाठी राहतं, याची चौकशी करण्याइतकंसुद्धा त्याने त्या माणसांना माणूस धरलं नव्हतं. हे त्या क्षणी फलाटावरच्या पोरासोरांनाही दिसत होतं. सहदेवला दिसलं नाही. त्याला दिसली ती संधी.

"हे बघ चंदू," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ठरलेला कार्यक्रम मी बदलत नाही. तुला माझी मुलगी हवी असेल तर आत्ता माझ्याबरोबर उजवीकडे चल. बाकीच्यांना काय करायचं ते करू दे."

चंदूने एकदा कार्ल्याच्या डोंगराकडे पाहिलं. "काका, येतो ना. आधी एकवीरा आईच्या पाया पडतो आणि लगेच येतो. तुम्ही म्हणाल ते किल्ले चढेन, आज म्हणाल तर आज. पण इथे येऊन तिला पाठ दाखवून नाही जाणार मी."

"झालं," सहदेव म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता, खेळी जिंकलेल्या माणसाचा होतो तसा. "उंबरठ्यावरच नापास. अनू, ऐकलंस? कबूल म्हणाली होतीस."

अनुपमाने मान खाली घातली. कबूल ती म्हणाली होतीच. चंदूने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला वर बघता येईना. फलाटावरची सगळी माणसं सहदेवकडे पाहत होती आणि सहदेव मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता.

रुक्मिणी खाली बसली. तिने पिशवीतून पुऱ्यांचे डबे काढून बाजूला ठेवले. डब्यांखालून नारळ निघाला. मग हिरवा खण, तांदूळ, हळदकुंकवाचे करंडे, आणि कागदात गुंडाळलेली बांगड्यांची जोडी. हे सगळं तिने ओच्यात घेतलं आणि उठली.

"पक्कं तुम्ही म्हणालात," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्यासमोर म्हणालात. ह्या बाईने सरळ विचारलं, तुम्ही सरळ सांगितलं. मला त्याच दिवशी कळलं होतं सगळं. तुम्हाला पाळायचं नसेल तर नका पाळू. मी पाळते. मुलगी माझी पण आहे."

"तुला कळलं होतं आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

सहदेवने आजूबाजूला पाहिलं. कोणीतरी आपल्या बाजूने बोलेल असं त्याला वाटत असावं. बोलणाऱ्यांचं मंडळ केव्हाच मोडलं होतं.

"चल गो बाय," रुक्मिणी लेकीला म्हणाली.

"रुक्मिणी, चढ आहे तो. तुला..."

ढोल सुरू झाला आणि पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. डबे तेवढे सहदेवच्या पायाशी राहिले.

तो उजवीकडे गेला. न जाऊन सांगतो कोणाला. सॅकमध्ये डब्यांना जागा नव्हती, कारण ती त्याने चंदूला घाबरवण्यासाठी घेतलेल्या दोराने भरली होती. टाकून द्यावेत तर पितळेचे डबे, सासऱ्याने दिलेले. तेव्हा चाळणीतून उरलेला तो एकमेव माणूस दोन हातांत दोन डबे लटकवून भाज्याच्या वाटेला लागला. लेण्यांपाशी डबे सांभाळत बसायला कोणी नव्हतं. ते त्याच्याबरोबरच वर चढले.

लोहगडाच्या दुसऱ्या दरवाजात कॉलेजची काही पोरं टेपरेकॉर्डर लावून बसली होती. "काका, पिकनिक का?" एकाने विचारलं. "एकटेच? फॅमिली कुठे?" सहदेवने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर कॅन्टीनमध्ये हमखास लागू पडायची. इथे पोरांनी सरकून त्याला सावलीत जागा करून दिली. दमलेला म्हातारा बघून करतात तशी. तो तिथे बसला नाही.

माथ्यावर तो उत्तरेच्या तटाशी गेला. खाली मळवलीचे रूळ, आणि पलीकडे तो डोंगर, ज्याच्याकडे त्याने मान वळवली नव्हती. इतक्या लांबून माणसं दिसत नव्हती, ढोलही ऐकू येत नव्हता. तो बराच वेळ उभा राहिला. इतरांच्या चुका काढत चढायची त्याला सवय होती, आणि आज चुका काढायलाही कोणी बरोबर नव्हतं. नुसता डोंगर त्याला कधी आवडलाच नव्हता, ही गोष्ट त्याला तिथे उभ्या उभ्या कळली असेल तर त्याने ती लगेच झटकून टाकली आणि खिंडीकडे उतरायला लागला.

खिंडीत आल्यावर "आता पुढे तू हो" म्हणायला चंदू नव्हता. सहदेव स्वतःच पुढे झाला. आज वाट सापडायलाच हवी होती. ती थोडा वेळ सापडल्यासारखी झाली, मग गुरांच्या वाटांनी तिला खाऊन टाकलं. करवंदीने बाही फाडली, कान ओरबाडला, एक डबा दरीत गेला. ऊन उतरायला लागलं तेव्हा एका दगडावर बसून त्याने उरलेल्या डब्यातल्या चार पुऱ्या खाल्ल्या. त्या अजिबात जड नव्हत्या. मग आल्या वाटेने तो परत फिरला, विसापूरचा कडा डोक्यावर तसाच ठेवून.

संध्याकाळी मळवलीच्या बाकावर तिघं बसली होती. ट्रक निघून गेला होता. चंदू मायलेकींना घरी सोडायला मागे थांबला होता. अनुपमाच्या हातात हिरव्या बांगड्या, कपाळभर हळद, आणि ती कशावरून तरी हसत होती. बापाला बघून थांबली.

चंदूने उठून त्याच्या खांद्यावरची सॅक घेतली. "काका, दोन्ही झाले?"

"झाले," सहदेव म्हणाला.

रुक्मिणीने त्याची फाटलेली बाही पाहिली, कानावरचं वाळलेलं रक्त पाहिलं, हातातला एकच डबा पाहिला. रुमालात बांधलेल्या प्रसादातला खोबऱ्याचा तुकडा काढून तिने त्याच्या हातावर ठेवला. "वैशाखातली तारीख धरलीय," ती म्हणाली. "सोनूबाई येतील पुढच्या आठवड्यात, मानपानाचं बोलायला. तुम्ही असलात घरी तर बरं."

असलात तर. सहदेवने खोबरं तोंडात टाकलं नाही, टाकूनही दिलं नाही. काहीतरी बोलणं भाग होतं आणि त्याच्यापाशी एकच भाषा होती. "तू काय, खालीच बसलीस ना?"

"छे. पार वरपर्यंत गेले. चपला पहिल्या पायरीलाच काढून ठेवल्या." तिने पदराने त्याच्या कानाजवळचं रक्त पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, दुसरीकडे बघत. "तुम्ही आला नाहीत तेच बरं झालं हो. भारी गर्दी होती वर, सगळी आपली साधी माणसं. तुम्हाला नसतं झेपलं."

मग गाडी दिसते का बघायला ती फलाटाच्या कडेला जाऊन उभी राहिली.